सार्वजनिक सायकल योजना आणि शहरातील रस्त्यांची रचना : पुण्याच्या अनुभवाची एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे शहराचा उल्लेख एके काळी ‘सायकलींचे शहर’ असा केला जात असे. ही ओळख पुसली गेल्यानंतर ती परत मिळवण्याचा एक मोठा प्रयत्न डिसेंबर २०१७ मध्ये झाला. त्या महिन्यात पुणे महानगरपालिकेच्या मुख्य सभेने ‘पुणे सायकल आराखडा’ मंजूर केला. त्याच महिन्यात औंध परिसरात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सार्वजनिक सायकली दाखल झाल्या. औंधमध्ये झूमकार कंपनीची ‘पेडल’, विद्यापीठात ‘ओफो’ आणि पुढे मे २०१८ मध्ये ‘मोबाइक’ अशा कंपन्या एकामागून एक आल्या. मोबाइलवरील ॲपने कुलूप उघडावे, हवे तेथे जावे व काम झाल्यावर सायकल सोडून द्यावी, अशी ही सोय होती. परंतु जुलै २०१८ मध्येच ओफोने भारतातून काढता पाय घेतला आणि २०१९ संपेपर्यंत ही योजना तिच्या मूळ स्वरूपात जवळपास संपुष्टात आली.

या अपयशाची चर्चा झाली नाही असे नाही. तथापि ती मुख्यतः चोरी, मोडतोड, कंपन्यांचा तोटा आणि ‘लोकांची मानसिकता’ या चार मुद्द्यांभोवती फिरत राहिली. ज्या रस्त्यावरून ही सायकल चालणार होती त्या रस्त्याचा विचार या चर्चेत अभावानेच झाला. सार्वजनिक सायकलीचा वापर हा स्वतःच्या सायकलीच्या वापरापेक्षाही रस्त्याच्या रचनेवर अधिक अवलंबून असतो आणि पुण्यात सायकल आधी आली, रस्ता मात्र मागे राहिला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

संकल्पनेचा प्रवास

सार्वजनिक सायकलीची कल्पना नवी नाही. १९६५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे ‘प्रोव्हो’ चळवळीतील तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या. तो प्रयोग अल्पकाळच टिकला. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून घ्यावयाच्या सायकली आणल्या. ल्यों (२००५) व पॅरिस (२००७) या फ्रेंच शहरांनी ठरावीक स्थानके व सभासदाची ओळख यांची जोड दिली आणि ही कल्पना जगभर पसरली. २००८ मध्ये चीनमधील हांगझोऊने ती फार मोठ्या प्रमाणावर राबवली. त्यानंतरच्या दशकात स्थानकाची गरज नसलेली, कोठेही सोडता येणारी सायकल आली. पुण्यात अवतरली ती ही शेवटची पिढी होय.

आपल्याकडील नोंद मात्र या इतिहासात सहसा येत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने अनेक दशके होती. दुकानदार वहीत नाव व वेळ लिहून घेई. लहान मुलांसाठी लहान सायकली वेगळ्या असत. अनेकांनी सायकल चालवायला शिकली ती याच भाड्याच्या सायकलीवर. म्हणजेच एकच सायकल अनेकांनी वापरण्याची रीत आपल्याला परकी नव्हती. सायकल परत येत होती, पंक्चर झाली तर त्याची भरपाईही दिली जात होती. या व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या : ओळखीचा दुकानदार आणि सायकल चालवता येईल असा रस्ता. नव्या योजनेने पहिलीच्या जागी ॲप आणले. दुसरीच्या जागी काहीही आणले नाही.

‘मानसिकता’ या स्पष्टीकरणाची मर्यादा

लोकांना सार्वजनिक वस्तू जपता येत नाही, हे विधान आपल्या चर्चांतून वारंवार ऐकू येते. पुण्यात सायकलींची मोडतोड झाली हे खरेच आहे. परंतु पॅरिसच्या ‘व्हेलिब’ योजनेतही पहिल्या दोन-तीन वर्षांत हजारो सायकली चोरीस गेल्या वा मोडल्या गेल्या. तरीही ती योजना टिकली. मोडतोडीपेक्षा वापर कितीतरी अधिक होता आणि त्यामुळे योजनेच्या मागे उभा राहणारा नागरिकांचा एक मोठा वर्ग तयार झाला होता, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानावे लागते. ज्या वस्तूचा रोज उपयोग होतो तिची काळजी घेणारेही निर्माण होतात. जी सायकल दिवसचे दिवस पदपथावर धूळ खात उभी असते तिचे वाली कोणीच नसतात. म्हणून मोडतोड हे अपयशाचे कारण मानण्यापूर्वी, वापर का वाढला नाही हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

‘मानसिकता’ हा शब्द अभ्यासकाने जपून वापरावा असा आहे. तो एकदा उच्चारला की रस्ता आखणारा अभियंता, निविदा काढणारे कार्यालय आणि अंदाजपत्रक मंजूर करणारे सभागृह हे सर्व जबाबदारीतून मोकळे होतात आणि दोष एकट्या नागरिकावर येऊन पडतो.

सार्वजनिक सायकल कोण वापरतो?

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या सायकल विभागाचे समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमारास नागरिकांचे चार गट कल्पिले. कोणत्याही रस्त्यावर निर्भयपणे सायकल चालवणारे एक टक्क्याहून कमी. थोडी सोय असली तरी चालवणारे सुमारे ७ टक्के. कधीही न चालवणारे सुमारे एक-तृतीयांश. आणि उरलेले सुमारे ६० टक्के लोक इच्छा असूनही भीतीपोटी न चालवणारे. ही आकडेवारी पोर्टलंडपुरती व ढोबळ आहे. तरीही तिच्यातील चौथा गट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

गेलर यांच्या वर्गीकरणात भारतीय शहरातील एका मोठ्या गटाला मात्र जागा नाही. तो म्हणजे पर्याय नाही म्हणून सायकल चालवणारा. सुरक्षारक्षक, बांधकामावरील मजूर, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा हे निर्भय नसतात, उत्साहीही नसतात. त्यांना जावे लागते म्हणून ते जातात. त्यांच्याकडे स्वतःची जुनी सायकल असते. स्मार्टफोन, ॲप व ऑनलाइन पैसे यांवर उभी असलेली योजना त्यांच्यासाठी आखलेली नव्हती.

मग ती कोणासाठी होती? विद्यार्थी, बसमधून उतरून कार्यालयात जाणारा नोकरदार, घरापासून बाजारापर्यंत जाणारी गृहिणी यांच्यासाठी, म्हणजे नेमक्या ‘इच्छा आहे पण भीती वाटते’ या गटासाठी. स्वतःची सायकल असलेला मनुष्य रोजच्या सवयीने खड्डे, वळणे व धोक्याच्या जागा ओळखू लागतो. सार्वजनिक सायकलीचा वापरकर्ता प्रसंगोपात्त असतो. सायकल त्याच्या उंचीला सरावलेली नसते, रस्ता ओळखीचा असेलच असे नाही आणि त्याच्यापुढे रिक्षा, बस, दुचाकी असे पर्याय खुले असतात. तो पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच आपला निर्णय घेतो. बसने मागून कर्णा वाजवला, दोन दुचाकी दोन्ही बाजूंनी अंगावरून गेल्या, की तो पुन्हा ॲप उघडत नाही. याच अर्थाने सार्वजनिक सायकल ही रस्त्याच्या रचनेवर दुप्पट अवलंबून असते.

पुण्यातील सायकलमार्ग : तीन निकष

नेदरलँड्समधील सायकलमार्गांच्या मार्गदर्शिकेत सलगता, सरळपणा, सुरक्षितता, सुखदता व आकर्षकता असे पाच निकष सांगितले आहेत. त्यांपैकी पहिल्या तीन निकषांवर पुण्याचा अनुभव तपासता येतो.

सलगता : २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून पुण्यात जलद बस मार्गांची व त्यांच्या कडेने सायकलमार्गांची कामे झाली. २००६ च्या अखेरीस सुरू झालेला सातारा रस्त्यावरील बस मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. कागदावर या सायकलमार्गांची लांबी भरीव दिसते. प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांत राहिले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी मार्ग खाली उतरतो व पुन्हा वर चढतो. मध्येच विजेचा डी.पी., झाडाचा पार, बसथांबा वा टपरी येते. आणि जेथे मार्गाची सर्वाधिक गरज असते त्या चौकात तो संपलेला असतो. नऊशे मीटर सुरक्षित आणि शंभर मीटर जीवघेणा असा रस्ता सायकलस्वाराच्या दृष्टीने जीवघेणाच असतो. म्हणून सायकलमार्गाची प्रगती किलोमीटरमध्ये मोजण्याची पद्धतच फसवी आहे.

सरळपणा : जंगली महाराज रस्ता व फर्ग्युसन रस्ता, तसेच बाजीराव रस्ता व शिवाजी रस्ता या परस्परपूरक एकेरी वाहतुकीच्या जोड्या आहेत. एकेरी वाहतुकीमुळे मोटारींचा वेग वाढतो हा त्याचा एक परिणाम. दुसरा परिणाम असा की जवळच्या ठिकाणी जाण्यासाठीही वळसा घ्यावा लागतो. मोटारीला वळसा म्हणजे थोडे पेट्रोल. सायकलस्वाराला तो पायांनी फेडावा लागतो. त्यामुळे तो उलट दिशेने येतो आणि त्याला बेशिस्त ठरवले जाते. युरोपातील अनेक शहरांत एकेरी रस्त्यावर सायकलींना दोन्ही दिशांनी जाण्याची मुभा व त्यासाठी आखलेली जागा असते. आपल्याकडे असा विचार नियमाच्या पातळीवर फारसा झालेला नाही.

सुरक्षितता : पुण्यातील बहुतेक सायकलमार्ग पदपथाच्या पातळीवर, पदपथाला लागून आहेत. पुनर्रचना झालेल्या जंगली महाराज रस्त्यावरही हेच तत्त्व दिसते. या रस्त्याचे रुंद पदपथ हे पुण्यातील रस्तारचनेचे एक चांगले उदाहरण आहे, हे मान्य करायला हवे. परंतु माणसे पदपथावर आली, तशी ती सायकलमार्गावरही आली. यात त्यांचा दोष नाही. दोन्हींतील भेद पायाला जाणवेल असा नसतो. परिणामी सायकलस्वाराची स्पर्धा मोटारीशी न राहता पादचाऱ्याशी सुरू झाली. कोठेही सोडता येणाऱ्या सायकलींनी या स्पर्धेत भरच घातली, कारण त्या उभ्या राहिल्या त्या पदपथावर. ज्या महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, तिच्याच योजनेतील सायकली पादचाऱ्याची वाट अडवू लागल्या. मोटारीची एक जागा कमी केली तर तेथे आठ-दहा सायकली सहज मावतात. हा साधा पर्याय अपवादानेच अवलंबला गेला.

याउलट म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ योजना जून २०१७ मध्ये ४५० सायकली व ४८ स्थानकांसह सुरू झाली व पुढे अनेक वर्षे चालू राहिली. तिच्या यशापयशाची इतरही कारणे असतील. तथापि स्थानक उभारायचे म्हणजे रस्त्यावरील जागा अधिकृतपणे सायकलीच्या नावे करणे, आणि हा निर्णय त्या शहराला आधी घ्यावा लागला, हे महत्त्वाचे आहे. कोठेही सोडता येणाऱ्या सायकलीने पुण्याला या निर्णयापासून पळवाट दिली.

विद्यापीठाचे आवार आणि बाहेरचा चौक

पुण्यातील प्रयोगाची सुरुवात जेथे झाली ती दोन ठिकाणे पाहिली तर आपला मुद्दा अधिक स्पष्ट होतो. विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात आखलेले सायकलमार्ग हे सायकल चालण्याचे कारण नाही. तेथे वाहने कमी व त्यांचा वेग मंद असतो, झाडांची सावली असते आणि अंतरे चालण्यास थोडी लांब, पण वाहनाने जाण्यास थोडी जवळ अशी असतात. सायकलीसाठी मूलभूत गरज रंगवलेल्या पट्ट्याची नसून मंद वेगाची आहे, हे यावरून दिसते. पुण्याच्या जुन्या पेठांतील अरुंद गल्ल्यांतही एके काळी सायकल याच कारणाने सुखाने चालत असे. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही जेथे पादचारी, सायकली व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवण्यात आली आहे.

दुसरे ठिकाण औंध. स्मार्ट सिटी अभियानात तेथील डी.पी. रस्त्याची पुनर्रचना झाली होती. विद्यापीठ व औंध यांमधील अंतर तीन-चार किलोमीटरचे, म्हणजे सार्वजनिक सायकल ज्या अंतरासाठी असते नेमके तेवढेच. परंतु या दोहोंच्या मध्ये विद्यापीठ चौक आहे. औंध, बाणेर व पाषाण या दिशांचे रस्ते तेथे गणेशखिंड रस्त्याला मिळतात. २०१८ मध्ये तेथे मोटारींसाठी उड्डाणपूल होते व पुलाखालून जाणाऱ्या सायकलस्वाराला स्वतःचा मार्ग स्वतः शोधावा लागे. योजनेची दोन्ही टोके अनुकूल होती. मधला दुवा तुटलेला होता. हे उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आले व मेट्रोसह नव्या दुमजली पुलाचे काम हाती घेण्यात आले. तेव्हाही जाहीर चर्चा झाली ती मुख्यतः मोटारींच्या कोंडीची.

आपल्या भागातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. पेठ, मंचर, नारायणगाव या परिसरातून पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात जाणारा विद्यार्थी त्या काळी एस.टी.ने शिवाजीनगर स्थानकावर उतरत असे. तेथून विद्यापीठ काही किलोमीटरवर. आवारात सायकल होती आणि खेड्यातून आलेल्या त्या मुलाला वा मुलीला सायकल चालवण्याची सवयही होती. मध्ये होता तो गणेशखिंड रस्ता. त्या विद्यार्थ्याने बस वा रिक्षा निवडली, तर त्याला त्याची मानसिकता म्हणता येणार नाही. तो शहाणपणाचा निर्णय होता.

आराखडा आणि अंमलबजावणी यांतील क्रम

पुण्याकडे कागदपत्रांची उणीव नव्हती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे तत्त्व मांडले. २०१६ मध्ये महानगरपालिकेने नागरी रस्ता रचनेची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. २०१७ च्या सायकल आराखड्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आणि सार्वजनिक सायकल योजना यांचा एकत्रित विचार होता. आराखड्याची गुणवत्ता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यातील दोन भागांना लागणारा काळ भिन्न होता. गुंतवणूकदारांच्या पैशावर आलेल्या सायकली काही आठवड्यांत रस्त्यावर उतरू शकत होत्या. चौक बदलायला, पार्किंग हलवायला व विरोध पचवायला वर्षे लागतात. सोपा भाग प्रथम झाला, अवघड भाग लांबणीवर पडला आणि सोपा भाग फसल्यावर त्याचेच कारण पुढे करून अवघड भागाची निकड कमी लेखली जाऊ लागली.

स्पेनमधील सेव्हिल शहराचा क्रम याहून वेगळा आहे. तेथेही पूर्वी सायकलमार्गांचे सुटे तुकडे होते व ते ओस पडलेले असत. २००६-०७ या अल्पकाळात तेथील नगरपालिकेने वाहतुकीपासून वेगळे केलेले सुमारे ८० किलोमीटरचे सलग जाळे बांधले. त्यासाठी मोटारींच्या पार्किंगच्या हजारो जागा काढून घेतल्या. २००७ मध्येच ‘सेव्हिसी’ ही सार्वजनिक सायकल योजना त्या जाळ्यावर सुरू झाली आणि काही वर्षांतच शहरातील सायकलफेऱ्या अनेक पटींनी वाढल्या. सेव्हिलला नेदरलँड्ससारखी सायकलीची परंपरा नव्हती आणि तेथील उन्हाळा पुण्याहून सौम्य नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की ओफोसारख्या कंपन्या चीनमध्येही बुडाल्या. तेथे तर रुंद सायकलमार्ग होते. हा आक्षेप योग्य आहे. स्वस्त दरात भरमसाट सायकली ओतून बाजार काबीज करण्याचे ते व्यापारी गणित मुळातच टिकणारे नव्हते आणि पुण्यातील योजना त्या गणितावर विसंबून होती. रस्ता चांगला असता तर कंपनी वाचली असती, असा दावा येथे नाही. परंतु चीनमधील शहरांत कंपनी बुडाली तरी सायकलीचा वापर उरला; दुसऱ्या कंपन्यांनी ती जागा घेतली. पुण्यात कंपनीबरोबर वापरही गेला. कंपनीचे अपयश आणि योजनेचे अपयश या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते रस्त्याने ठरवलेले आहे.

समारोप

हा प्रश्न मागे पडलेला नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भूमिगत मार्गाने स्वारगेटपर्यंत पोहोचली. स्थानकापासून घरापर्यंतच्या प्रवासासाठी सायकल पुन्हा सुचवली जाईल, किंबहुना सुचवली जावी. मात्र त्या वेळी पहिला खर्च सायकलीवर न करता स्थानकाभोवतालच्या दोन-तीन किलोमीटरच्या परिघातील चौकांवर, वेगमर्यादेवर आणि पार्किंगच्या फेरवाटपावर व्हावा. किती सायकली आणल्या याऐवजी किती चौक सुरक्षित केले, हा मूल्यमापनाचा निकष असावा.

याच निष्कर्षाचा एक भाग आपल्या परिसरालाही लागू पडतो. पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या गावांना वळसा घालणारे बाह्यवळण रस्ते झाले आहेत. दूरची वाहतूक बाहेरून जाऊ लागल्यावर गावातील जुना महामार्ग हा वस्तुतः गावचा रस्ता झाला. त्याची रचना मात्र अजून महामार्गाचीच आहे. याच रस्त्याच्या कडेला शाळा, महाविद्यालये, बाजार व एस.टी. स्थानके आहेत. मंचरपासून सायकलच्या अंतरावर, अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. येथील मुले-मुली अद्याप सायकल विसरलेली नाहीत. जी चूक दुरुस्त करण्यासाठी पुण्याला आता उड्डाणपूल पाडावे लागतात, ती करण्यापूर्वीच थांबण्याची संधी या गावांना आहे. गावातील जुन्या रस्त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात सुटण्याआधी ग्रामसभेत, नगरपंचायतीत आणि आपल्या महाविद्यालयांच्या अभ्यासप्रकल्पांत उपस्थित झाला पाहिजे. एखाद्या सकाळी आपल्याच महाविद्यालयाच्या फाटकापाशी उभे राहून किती विद्यार्थिनी सायकलीवर येतात आणि कोणत्या वळणावर त्या खाली उतरून सायकल हाती धरतात, याची नोंद घेण्यापासून ही सुरुवात करता येईल.